जंपसीटवर पहिल्यांदा बसायचंय, कॉकपिटातल्या रीतीभाती सांगा

नवी_रिलीजवाली (डॅलस)

मंडळी, प्रश्न जरा आडगल्लीतला आहे. पण इथे विमानवाली दोन-चार माणसं आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारते.

मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमागे टेक्ससला आले, ग्रीन कार्ड येईपर्यंत घरी बसून कंटाळले, आणि एका मैत्रिणीच्या नादाने डिस्पॅचरचा दोनशे तासांचा कोर्स केला. लायसन्स मिळालं. आता एका रीजनल एअरलाइनच्या ऑपरेशन्स सेंटरमध्ये डेस्कवर बसते. हवामान बघून रूट, इंधन, अल्टरनेट (मुक्कामी उतरता आलं नाही तर दुसरं विमानतळ) ठरवायचं, रिलीजवर (उड्डाणाच्या परवानगीच्या कागदांवर) सही करायची आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर डोळा ठेवायचा. बाबांची उभी हयात जिल्हा परिषदेत गेली. त्यांच्या लेखी डिस्पॅच म्हणजे जावक बारनिशी. ते नातेवाइकांना सांगतात, "मुलगी अमेरिकेत विमानांच्या जावक विभागात आहे." मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

तर आता ट्रेनिंगवाल्यांनी सांगितलंय की कॉकपिटच्या जंपसीटवर (पायलटांच्या मागच्या जादा खुर्चीवर) बसून पाच तासांची फॅम राइड (ओळखफेरी) करायची. माझी पहिलीच. विमान एम्ब्रेअर १७५. नियमांचं पुस्तक पाठ आहे, पण त्यात माणसांशी कसं वागायचं ते नाही. गेल्या गेल्या कॅप्टनला काय म्हणायचं? "सर" म्हटलं तर हसतील का? रेडिओवरचं भराभर बोलणं कळलं नाही तर विचारायचं की गप्प बसायचं? वही काढून लिहिलं तर परीक्षा घ्यायला आलेय असं वाटेल का? कपडे काय घालायचे? सासूबाई बेसनाचे लाडू करून देते म्हणताहेत, ते न्यावेत का? आणि सगळ्यात मोठी धास्ती अशी की कॅप्टनने विचारलं, "हे एवढंसं इंधन कोणी दिलं?" आणि ते मीच दिलेलं असलं तर?

हसू नका, चार दिवस झोप नाही.

बे_एरियातला_बाळू

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण विमानाच्या पुढच्या काचेतून बघायला मिळणार, तेही फुकट! मस्त व्हिडिओ काढ आणि इथे टाक. लाडू मला पाठव.

डेस्क_नंबर_सात (शिकागो)

बाळू, व्हिडिओचं तिच्या डोक्यात भरवू नकोस. फोन बंद करून बॅगेत, बॅग सांगतील तिथे. विमान जमिनीवर उभं आहे आणि कॅप्टन स्वतःहून म्हणाला "काढ एक फोटो", तर गोष्ट वेगळी. आपण विचारायचंसुद्धा नाही.

रिलीजवाली बाई, अभिनंदन. मी सांगलीचा, डिस्पॅचच्या खुर्चीत २२ वर्षं झाली, नव्या पोरांना शिकवायचं कामही माझ्याकडे असतं. त्यामुळे थोडं लांबेल.

आधी हे मनात पक्कं कर की ही राइड बक्षीस नाही. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान खात्याच्या) नियमात, भाग १२१ कलम ४६३ मध्ये लिहिलंय की मागच्या बारा महिन्यांत कॉकपिटातून पाच तास उड्डाण पाहिलेलं नसेल तर कंपनीला तुला डेस्कवर बसवता येत नाही. (जास्तीचं एक टेकऑफ-लँडिंग केलं तर एक तास कमी होतो, असं करत अडीच तासांपर्यंत खाली येता येतं. तुमच्या आखूड फेऱ्यांना हे सोयीचं.) म्हणजे तू तिथे कामावर आहेस. वही खुशाल काढ. फक्त आधी सांग, "माझ्या स्वतःसाठी लिहितेय." आणि कोणाचं नाव लिहू नकोस.

पण कामावर असलीस तरी ते घर कॅप्टनचं. एफएएचा इन्स्पेक्टर ओळखपत्र दाखवून आला तर त्याला बसू द्यावंच लागतं. आपलं तसं नाही. कॅप्टन "आज नको" म्हणाला तर "ठीक आहे, थँक यू" म्हणून मागे फिरायचं, कारण विचारायचं नाही. म्हणून कागदावर नाव असलं तरी परवानगी मागायची. लग्नपत्रिका हातात असली तरी दारात "येऊ का?" म्हणतोच ना आपण, तसं.

गेटवर तासभर आधी पोच. एजंटला ओळखपत्र आणि लायसन्स दाखव, ते कॉम्प्युटरवर पडताळून घेतात. विमानात शिरल्यावर पहिला नमस्कार फ्लाइट अटेंडंटला, कॉकपिटला नाही. नाव सांग, डिस्पॅचर आहे आणि पुढे बसणार आहे हे सांग. पुढचे दोन तास दाराच्या त्या बाजूला तीच असते, तिला अनोळखी माणूस कॉकपिटात घुसताना दिसू नये. मग दाराशी उभं राहून आत काय चाललंय ते बघ. क्लिअरन्स (कंट्रोलरने दिलेली वाट) लिहून घेत असतील किंवा चेकलिस्ट चालू असेल तर थांब. मान वर झाली की नाव, कुठला डेस्क, फॅम राइड, आणि "तुमच्याबरोबर आले तर चालेल का?" एवढंच. पहिल्यांदा "कॅप्टन" म्हण. तो लगेच आपलं पहिलं नाव सांगेल, मग तेच वापर. "सर" म्हटलंस म्हणून आभाळ कोसळत नाही. मी पहिली दोन वर्षं म्हणत होतो, जीभ वळायला वेळ लागतो.

कपडे ऑफिसचे, पुढून बंद असलेले सपाट बूट. ओढणी, स्कार्फ, लोंबतं काही नको, खांद्यावरून-कमरेवरून पाच पट्टे येतात त्यात अडकतं. बांगड्याही काढून ठेव, हेडसेटच्या माइकमध्ये किणकिण जाते. अत्तर नको. खोली केवढी असते ते तुला परवा कळेलच.

बसल्यावर कॅप्टनने तुला पट्टे, ऑक्सिजनचा मास्क, हेडसेट, बाहेर पडायची वाट हे दाखवायला हवं. घाईत राहिलं तर तू विचार. त्यात कमीपणा नाही, उलट तू या कामातली आहेस हे त्यांना तिथेच कळतं. त्याच वेळी आणखी एक विचारून घे: "मला काही दिसलं तर कसं सांगू?"

एम्ब्रेअरच्या जंपसीटची एक गंमत ऐक. ती खुर्ची दोघांच्या मागे मधोमध, दाराच्या तोंडाशीच उघडते. एकदा तू तिच्यावर बसलीस की दाराला बूच. मी माझ्या पहिल्या एम्ब्रेअर राइडला गेटवरून मोठी कॉफी घेऊन चढलो होतो. दीड तासाची फ्लाइट, वर पस्तीस मिनिटं टॅक्सीवेवर रांगेत. स्वतः उठायचं, खुर्ची घडी करायची, मागच्या अटेंडंटला कळवायचं, ती पुढची वाट अडवणार, मग दार. एवढी वरात माझ्या एका कॉफीपायी काढायची लाज वाटली. त्या दिवशी मी हवामान, रूट, रेडिओ काही म्हणजे काही पाहिलं नाही.

आता गप्प कधी बसायचं. गेट सोडल्यापासून दहा हजार फुटांवर जाईपर्यंत, आणि येताना दहा हजारांच्या खाली आल्यापासून गेटला लागेपर्यंत, उड्डाणाशी संबंध नसलेला एक शब्दही नाही. नियम १९८१चा. त्याच्या मुळाशी बरेच अपघात आहेत, पण सांगितला जातो तो ११ सप्टेंबर १९७४चा. शार्लटला धुक्यात उतरणारं ईस्टर्नचं डीसी-९ धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. चौकशीत निघालं की अ‍ॅप्रोच (उतरण्याआधीचा टप्पा) चालू असताना आतल्या गप्पा राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत पोचल्या होत्या.

मात्र गप्प म्हणजे मुकं नाही. त्याच ईस्टर्नचं एल-१०११ डिसेंबर १९७२ मध्ये मायामीजवळच्या दलदलीत गेलं. पुढच्या चाकाचा दिवा लागत नव्हता, तिघंही त्या दिव्यात गुंतले. कंपनीचा एक मेंटेनन्सवालासुद्धा जंपसीटच्या हक्काने सोबत होता. उंची हळूहळू कमी होतेय हे चौघांपैकी कोणालाच वेळेत दिसलं नाही. १०१ माणसं गेली. तर तुला दुसरं विमान जवळ दिसलं, रेडिओवर आपला नंबर पुकारला आणि दोघांनी ऐकला नाही असं वाटलं, तर मोजक्या शब्दांत बोल. "ट्रॅफिक, दोन वाजता, खाली." त्यांनी आधीच पाहिलेलं असेल तर "दिसलं, थँक्स" म्हणतील. कोणी रागावत नाही.

आणि आता मला जे खरं सांगायचं होतं ते.

तुझ्या बाबांनी जावक बारनिशी म्हटलं ते चुकलं नाहीत. आपण दिवसभर जावकच करतो. कागद जातो, संदेश जातो, तिकडे तो कसा पोचतो ते आपण बघतच नाही. जंपसीटवर बसायचं ते आवक बघायला.

मी कामाला लागल्यावर तीनेक वर्षांची गोष्ट. ओ'हेअरहून न्यूअर्क, ७३७. न्यूअर्कच्या अलीकडे सोळा हजार फुटांवर होल्डिंगला घातलं, म्हणजे नंबर लागेपर्यंत घिरट्या. "होल्ड २० मिनिटं" हे मी डेस्कवर शेकडो वेळा टाइप केलं होतं. तिथे बसून कळलं की त्या उंचीवर एक फेरी पाच मिनिटांची असते: दीड मिनिट सरळ, एक मिनिट वळण, परत दीड मिनिट, परत वळण. वीस मिनिटं म्हणजे चार फेऱ्या, आणि दर फेरीला चारेकशे पौंड तेल. कॅप्टन दर वळणाला एकदा काट्याकडे बघायचा, बोलायचा काहीच नाही. तिसऱ्या फेरीला मीही त्याच्याबरोबर बघायला लागलो. ते इंधन मीच काढलं होतं असं नाही, पण काढताना माझ्यासारख्याच कोणीतरी "वीस पुरे" म्हटलं होतं.

चौथ्या फेरीला सोडलं. खाली येताना ढगात हादरे. फर्स्ट ऑफिसर उडवत होता, कॅप्टन रेडिओवर, कंट्रोलर एका श्वासात चौघांशी बोलत होता. चार हजार फुटांवर टिंग झालं आणि मधल्या प्रिंटरमधून कागदाची जीभ बाहेर आली. कॅप्टनने अर्धी नजर टाकली आणि पुढे बघायला लागला. दोन मिनिटांनी परत टिंग, परत जीभ.

गेटला लागल्यावर त्याने दोन्ही कागद फाडून माझ्या हातात दिले. म्हणाला, "हे तुमच्या ऑफिसात देऊन टाक." पहिल्यावर होतं: पुढच्या फ्लाइटसाठी विमान बदललं आहे, पोच द्या. दुसऱ्यावर: पोच मिळाली नाही, पोच द्या.

मला राग यायला हवा होता तो आमच्या ऑफिसचा. पण आदल्याच आठवड्यात मी एका विमानाला असाच लागोपाठ तीनदा संदेश टाकून शेजारच्याला म्हटलं होतं, "ही पायलट मंडळी उत्तर द्यायला काय पैसे घेतात का?" ते दोन्ही कागद अजून माझ्या खणात आहेत. तेव्हापासून पाठवायचं बटण दाबण्याआधी मी नकाशावर विमानाची उंची बघतो. दहा हजारांखाली असेल आणि जिवावरचं नसेल तर उतरू देतो.

इंधनाची धास्ती सोड. विचारलं आणि तू दिलेलं असलं तर सरळ सांग, "मीच दिलं." मग दहा हजारांच्या वर, त्यांना वेळ असेल तेव्हा, कसं काढलं ते सांग. नियमाचं तर तिघांनाही पाठ असतं: मुक्कामापर्यंतचं तेल, अल्टरनेट लागत असेल तर तिथपर्यंतचं, वर ४५ मिनिटांचं. वाद त्याच्या वरच्या तेलाचा असतो. डेस्कवर जादा हजार पौंड म्हणजे वजन, आणि ते वाहून न्यायलाच आणखी तेल. कॅप्टनला तेच हजार पौंड ७३७ मध्ये बारा मिनिटं दिसतात. दोघंही खरंच बोलत असतात. रिलीजवर सही दोघांची, कायद्याने जबाबदारीही दोघांची. म्हणून तिथे वकिली करायची नाही, त्याला ती बारा मिनिटं कशासाठी हवी आहेत ते ऐकून घ्यायचं.

लाडू नेऊ नकोस. अटेंडंट मंडळींसाठी सीलबंद चॉकलेटची पिशवी ने, इथे जंपसीटवाले तसंच करतात. अनोळखी माणसाने घरून आणलेलं खायला लोक कचरतात, आणि का कचरू नये?

ठाण्याचा_कॅप्टन

सातनंबर काकांशी नव्वद टक्के सहमत. लाडवांबद्दल नाही. माझ्या कॉकपिटात बेसनलाडू आले तर मी बाई उतरेपर्यंत थांबेन आणि गेटला लागल्यावर खाईन.

मी इथे ७३७ उडवतो आणि स्वतः घरून बेसला जंपसीटवरूनच जातो-येतो, म्हणजे दोन्ही खुर्च्यांतून सांगतोय.

आमच्याकडून थोडी चौकशी झाली तर मनाला लावून घेऊ नका. २२ ऑक्टोबर २०२३ ला एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एम्ब्रेअर १७५ मध्ये जंपसीटवरच्या ऑफ-ड्यूटी पायलटने दोन्ही इंजिनांचे फायर हँडल (आग लागली तर इंजिन बंद करायच्या मुठी) ओढायचा प्रयत्न केला. आतल्या दोघांनी त्याला आवरलं, विमान पोर्टलंडला उतरवलं. त्याच्या आधी, एप्रिल १९९४ मध्ये, मेम्फिसहून निघालेल्या कार्गोच्या डीसी-१० मध्ये जंपसीटवरच्या स्वतःच्याच कंपनीच्या माणसाने हातोड्यांनी हल्ला केला होता. आम्ही "कुठून आलीस, कधीपासून नोकरी, झोप झाली का?" असं हसत विचारतो, त्यात थोडं हे असतं. नीट उत्तरं द्या, संपलं.

मला चीड येते ती मागे बसून स्वतःच्या कानात गाणी लावणाऱ्यांची. आमचा हेडसेट कानाला हवा. झोपायचं नाही. (कॅप्टन म्हणाला "झोप खुशाल" तरी फॅम राइडवर नाही, मग आलात कशाला?) मागची भिंत टेकायला छान वाटते, पण कित्येक विमानांत तिथे सर्किट ब्रेकर असतात. उठताना आधाराला मधल्या कन्सोलला हात लावायचा नाही. पडलात तरी चालेल.

रेडिओ न कळणं साहजिक आहे. मला भारतातून आल्यावर न्यूयॉर्कचा कंट्रोलर कळायला सहा महिने लागले. वहीत लिहून ठेवा, वर गेल्यावर विचारा. प्रश्न विचारणारे डिस्पॅचर मला आवडतात. "तुम्ही रडारचा कोन आत्ता का बदलला?" असं एकीने विचारलं होतं. पुढचा अर्धा तास मी तिला वादळाच्या रांगेत वाट कशी शोधतो ते दाखवत होतो. तिच्या स्क्रीनवर ती रांग म्हणजे लाल पट्टा. मला त्यात दोन फटी दिसत होत्या, आणि त्यातल्या एकीच्या मागे दुसरी भिंत.

शेवटचं, आणि हे डिस्पॅचरांना मुद्दाम. वर गेल्यावर आम्ही कंपनीबद्दल, पगाराबद्दल, तुमच्या साहेबांबद्दल बडबडतो. ते तिथेच राहू द्या. एकाने आमच्या फर्स्ट ऑफिसरची कुरकुर खाली जाऊन शब्दशः सांगितली. पुढे वर्षभर त्याच्यासमोर आम्ही फक्त हवामानावर बोलायचो.

सांताक्रूझची_रात्रपाळी (मुंबई)

वाचून मजा आली. मी मुंबईत हेच काम करते. आपल्याकडे पाच तासांचा हिशेब नाही. आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय विमान संघटनेच्या) सहाव्या अनुबंधात बारा महिन्यांत आपल्या भागातलं निदान एक एकेरी उड्डाण कॉकपिटातून करायला सांगितलंय, साधारण त्या धर्तीवर चालतं. आणि "सर"बद्दल तर विचारूच नकोस, आपल्याकडे सर म्हटल्याशिवाय पान हलत नाही. मी एकदा एका कॅप्टनला चुकून नावाने हाक मारली, तर फर्स्ट ऑफिसरच माझ्याकडे वळून बघायला लागला.

२०२३च्या फेब्रुवारीत दुबई-दिल्ली उड्डाणात एका पायलटने मैत्रिणीला कॉकपिटात बसवलं होतं. डीजीसीएने (आपल्या विमान खात्याने) कंपनीला तीस लाखांचा दंड केला, पायलटला तीन महिने घरी बसवलं. तेव्हापासून आमच्या परवानगीच्या कागदांना जरा जास्तच मान आहे. मी दोन प्रती नेते.

एक अनुभव सांगते. जुलै महिना, रात्रीची वेळ, मुंबईला २७ नंबरच्या धावपट्टीवर लँडिंग. डेस्कवर मी त्या पावसाला "मॉडरेट रेन" लिहिते, दोन शब्द. खाडी ओलांडून घाटकोपरवर आलो तेव्हा वायपर पूर्ण वेगात होते. त्या वायपरचा आवाज किती असतो हे कुठल्याच पुस्तकात नाही. एसटीच्या टपावर गारा पडाव्यात तसा. त्या आवाजातून ते टॉवरचं ऐकत होते. धावपट्टीचे दिवे काचेवर विरघळल्यासारखे दिसले, मग एकदम स्वच्छ, मग परत विरघळले. त्यानंतर पावसाळ्यात अल्टरनेट लिहिताना अहमदाबाद की गोवा, याचा मी दोनदा विचार करते. तिकडे पोचल्यावर तोच पाऊस वाट बघत नाही ना, हे बघते.

लाडवांबाबत मी काकांच्या बाजूने. पण चिवडाही नको. कुरकुरीत काहीही माइकमध्ये ऐकू येतं.

डेस्क_नंबर_सात (शिकागो)

रात्रपाळी, वायपरचं अगदी खरं.

कॅप्टन वहीत लिहून ठेवा म्हणाले त्यावरून एक आठवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये बालीहून जकार्ताला जाणाऱ्या ७३७ मॅक्समध्ये विमानाचं नाक आपोआप खाली जाऊ लागलं. त्या दिवशी कॉकपिटात तिसरा पायलट होता. ट्रिमचे (नाक आपोआप वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचे) स्विच बंद करून ते सुखरूप उतरले. पण उतरल्यावर नोंदवहीत जे लिहिलं त्यात थरथरणारी स्टिक (धोक्याची सूचना देणारा दांडा) नव्हती आणि बंद केलेले ट्रिमचे स्विचही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या क्रूने नेलं, १८९ माणसं गेली. कारणं पुष्कळ होती, मुख्य चूक विमानाच्या घडणीतच होती. मी नव्या पोरांना तेवढ्या नोंदीपुरतं सांगतो: तिघांनी डोळ्यांनी पाहिलेलं कागदावर चढलं नाही. तू वर जे पाहशील ते उतरल्या दिवशीच लिही. दुसऱ्या दिवशी निम्मं उरत नाही.

नवी_रिलीजवाली (डॅलस)

दोन आठवडे गप्प होते, माफ करा. झाली राइड! डॅलसहून अल्बुकर्की आणि परत. सगळ्यांचे आभार, आता हिशेब देते.

बांगड्या काढल्या. फ्लाइट अटेंडंटला आधी भेटले, चॉकलेटची पिशवी बघून तिने मला मिठीच मारली. कॅप्टन पन्नाशीच्या बाई होत्या, ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती. "सर"चा प्रश्न मिटला. मी "तुमच्याबरोबर आले तर चालेल का?" म्हटलं, त्या म्हणाल्या, "आमचं जेवण-खाण आणि तेल ठरवणारी ती तूच का?" जेवण माझ्याकडे नसतं, म्हटलं, तेल असतं. ते बहुधा आवडलं.

दहा हजारांचा नियम पाठ होता, पण एक गोष्ट डेस्कवर कधी सुचली नव्हती. अल्बुकर्कीचं विमानतळच ५,३५५ फुटांवर आहे. म्हणजे दहा हजारांवरून खाली यायला लागलो तेव्हा जमीन जेमतेम साडेचार हजार फूट खाली, आणि शेजारी सॅंडिया डोंगर अंगावर आल्यासारखा. कॅप्टननी अठरा हजारांवरच बोट वर करून "आता शांत" म्हटलं. तिथे त्या नेहमी तसंच करतात म्हणे.

तेलाचं विचारलंच. माझंच होतं. मी सांगितलं, सातनंबर काकांनी शिकवलं तसं. त्या म्हणाल्या, "तेल पुरेसं आहे. पण तू शेऱ्यात लिहिलंस की दुपारी वारा वाढेल, ते नवव्या पानावर होतं." त्यांनी रिलीज कसं वाचतात ते दाखवलं. पहिलं पान पूर्ण. मग एमईएल, म्हणजे विमानात काय नादुरुस्त आहे ते. मग नोटॅमांची (विमानतळांच्या ताज्या सूचनांची) पानं सरसर, बोट फक्त धावपट्टीच्या नंबरांवर थांबत होतं. माझा शेरा, जो लिहायला मी दहा मिनिटं घालवली होती, त्यावर बोट थांबलंच नाही. वारा त्यांना टॉवरकडून कळला.

आणि हो, टिंग झालं! परतीला, डॅलसला उतरताना सात हजार फुटांवर. मी मान पुढे करून बघितलं. माझ्याच डेस्कवरून, माझ्या जागी बसलेल्या मुलाने पाठवलेला: गेट बदललंय. दोघांनीही बघितलं नाही. मला मात्र तो उघडून उत्तर देण्याची इतकी सुरसुरी आली की मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग गेट कधी सांगायचं?" दहा हजारांच्या आधी किंवा धावपट्टी सोडल्यावर, म्हटलं. तो अजून पूर्ण पटलेला दिसत नाही, त्याची राइड पुढच्या महिन्यात आहे.

शेरे आता पहिल्या पानावर, दोन ओळींत लिहितेय.

ठाण्याचे कॅप्टन, लाडू नेले नाहीत, सासूबाई अजून बोलत नाहीत. एकच शंका उरली. पाच तास पुरे व्हायला दुसरी राइड आहे, गुरुवारी पहाटे ५:४० ची. काका, पहाटेच्या फ्लाइटला कॉफी पूर्णच बंद का?

डेस्क_नंबर_सात (शिकागो)

अर्धा कप. आणि पुशबॅकच्या (विमान गेटवरून मागे ढकलण्याच्या) आधी जाऊन ये.